व्हर्नाच्या ट्रकवरची पाटी

मी एक जुनी, अर्धी कापलेली पाटी आहे. मित्रांनो, माझ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही.

माझा जन्म नेब्रास्कातल्या एका पाट्यांच्या दुकानात झाला. पाठीला चुंबक, अंगावर पांढरा रंग, त्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत 'ग्रूबर वाहतूक' आणि खाली कंपनीचा सरकारी नंबर. मला एक जुळी बहीणही होती. तिला ट्रकच्या उजव्या दारावर लावलं, मला डाव्या. एकाच ट्रकवर राहूनही आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. ती खरंच काम करत होती की नुसती वारा खात होती, देव जाणे!

तो निळा ट्रक व्हर्ना कोवाल्के हिच्या मालकीचा होता. मग दारावर नाव ग्रूबरचं का? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लोकांचा माल न्यायला सरकारची परवानगी लागते. ती व्हर्नाकडे नव्हती, म्हाताऱ्या लोवेल ग्रूबरकडे होती. म्हणून तिने आपला ट्रक करारावर त्याच्या कंपनीला लावला होता. वाटेत काही बरंवाईट झालं तर जाब ग्रूबर कंपनीला विचारायचा, हे जगाला मी सांगत असे. अशी जबाबदारी अंगावर असली की स्वभाव संशयी होतोच. वजनकाट्यावरचा अंमलदार माझ्याकडे रोखून बघे, मीही त्याच्याकडे.

दर शुक्रवारी व्हर्ना मला दारावरून सोलून काढायची, पाठ पुसायची, दार पुसायची. मागे धूळ साचली तर आमच्यासारख्या पाट्या हमरस्त्यावर उडून जातात. "वरून चकाचक दिसतं ना, त्याच्या मागे आधी बघावं," असं ती पुटपुटायची. मला ते फार आवडायचं.

एका शुक्रवारी मात्र पुसून झाल्यावर कुणाची तरी हाक आली, तशी तिने मला दारावर न लावता सीटवर ठेवलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्यात तिचा धाकटा भाऊ ऑरिन नवी कोरी पाटी नाचवत आला. लाल अक्षरांत 'कोवाल्के वाहतूक', खाली ताजा नंबर.

"लाव गं पटकन! नंबर आलाय, आता तू स्वतःची मालकीण. कोलोरॅडोच्या शाळेची बाकं पोचवायचं काम घेतलंय मी. उद्या उचलायची."

"इतक्या लवकर? अर्ज तर परवा केला."

"सरकार सुधारलं म्हणायचं! तू पण ना, दुधात माशी नसली तरी शोधशील."

स्वतःच्या नावावरची पहिली खेप! व्हर्नाने किती वर्षं वाट पाहिली होती. तिने नवी पाटी लावली, मागे सरकून पाहिली. डोळे भरून आले तिचे. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

पण हाताची सवय जात नाही. तिने नवी पाटी पुन्हा सोलली आणि मागे बघितलं. मागे स्वच्छ दार होतं. तरी ती थबकली आणि नंबराच्या मागेही बघावं म्हणून तिने सरकारी कचेरीत फोन लावला.

"नंबर मिळालाय हो," पलीकडची बाई म्हणाली, "पण माल न्यायची परवानगी अजून चालू नाही. विम्याचा दाखलाही आमच्याकडे आलेला नाही. बारसं झालं म्हणून मूल लगेच चालायला लागतं का?"

ऑरिनचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, नंबर म्हणजेच परवानगी."

"असंच वाटून लोक निघतात, आणि अंमलदार त्यांचे ट्रक जागच्या जागी उभे करतात," व्हर्ना म्हणाली. पहिल्याच खेपेला तिच्या नव्या नावाला डाग लागला असता. बाकं तर सोमवारी पोचायलाच हवी होती. तिने लोवेलला फोन करून सगळं खरं सांगितलं: "मी तुमची कंपनी सोडून जाणार आहे, पण ही खेप तुमच्या नावावर घ्याल का?"

लोवेल खेकसला, "घेतो. शाळेशी मी बोलतो. तू पाटी नीट पुसून लाव. माझं नाव मळकं दिसता कामा नये."

परवानगी चालू झाली तेव्हा हिमवर्षाव सरला होता. आता ही मला फेकणार किंवा अडीअडचणीला लपवून ठेवणार, अशी माझी खात्री होती. पण व्हर्नाने आम्हा दोघींना पुसून लोवेलच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिथे मी बहिणीला पहिल्यांदा पाहिलं. तेच नाव, तोच नंबर, माझ्याइतकेच खडे लागलेले. इतकी वर्षं मी तिच्यावर उगाच संशय घेतला.

"टाक त्या खोक्यात," लोवेल म्हणाला.

"नाही. माझ्यासमोर कापा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. खोक्यावर नाही. उद्या कोणीही उचलून आपल्या दारावर लावेल."

लोवेल हसला आणि त्याने कात्री घेतली. बहीण माझ्याआधी गेली. माझे नंबराचे तुकडे कचऱ्यात पडले, नावाचा तुकडा व्हर्नाने मागून घेतला. लोवेलने तो देण्याआधी उलटून पाहिला, नंबर राहिला नाही ना म्हणून.

आता मी तिच्या फ्रिजवर आहे. शाळेतल्या कुणा मुलाने काढलेलं निळ्या ट्रकचं चित्र मी धरून ठेवलंय. मित्रांनो, दारावरचं नाव वाचलंत की थोडं त्याच्या मागेही बघा, आणि ज्या नावाचं काम संपलं ते मानाने उतरवा. व्हर्ना अजूनही दर शुक्रवारी मला सोलते, मागे बघते, पुसते. तिथे कधीच काही नसतं. तरी ती बघते, आणि मग मला पुन्हा जागेवर लावते.