पट्टी कोणत्या डोळ्यावर

जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे माझ्या सासूबाईंना आता कुणीच काही शिकवू शकत नाही. डॉक्टरसुद्धा नाही, मग मी तर कोणत्या झाडाचा पाला!

माझी लेक जन्मली तीच गुडघे दुमडलेले आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊन. आजार इतका दुर्मिळ की शिकाऊ डॉक्टर तिला बघायला घोळक्याने यायचे. दोन्ही ऑपरेशनं झाली. गुडघ्यांचा व्यायाम सासूबाईंनी असा करून घेतला की व्यायाम शिकवणारी बाईही गप्प बसली. पोर रडायची, या आकडे मोजत राहायच्या. आज ती चालते ते त्यांच्यामुळे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

डोळ्याचं गणित वेगळं होतं. मोतीबिंदू निघाला तरी तो डोळा आळशीच राहतो. त्याला कामाला लावायचं तर चांगला डोळा झाकावा लागतो. म्हणून रोज काही तास उजव्यावर पट्टी. हे लहानपणीच जमतं, पुढे मेंदू ऐकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लेकीला सहावं लागलेलं. सकाळी पट्टी चिकटवून मी कामावर जायचे. सुरुवातीला ती भोकाड पसरायची, मग एकदम शांत झाली. मला वाटलं, सवय झाली.

काल तपासणी होती. काडीचीही सुधारणा नाही.

"पट्टी लावत नाही तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोलून फायदा काय? डोळा तुमच्या मुलीचा जाणार."

सगळ्यांसमोर खोटारडी ठरले. म्हणून आज दुपारीच घरी आले. लेक मजेत मणी ओवत बसली होती. पट्टी डाव्या डोळ्यावर होती.

"आई, ही कुणी बदलली?" मी सासूबाईंना विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पट्टी बांधतात, शेंबडं पोरही सांगेल. तू धडधाकट डोळा झाकून तिला आंधळी करायला निघालीस."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं!"

"तुझं लक्ष असतं कुठे? उलटं ऐकलं असशील."

"रोज बदलत होतात?"

"रोज. बघ, आता रडते का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणे, "आईने प्रेमापोटीच केलं ना." आग लागो त्या प्रेमाला!

लेकीला उचललं, खोलीत नेलं, आत वाटेत आलेलं स्टूल लाथेने आडवं केलं आणि दाराची कडी लावली. पट्टी ओढून काढली. नवी उजव्या डोळ्यावर चिकटवली. तिने किंकाळी फोडली.

"उघड दार!" सासूबाई बाहेरून थापा मारत होत्या. "कसाईण आहेस!"

"असेन!"

"तू घाणेरडी आहेस," लेक हुंदके देत म्हणाली. "मला तू नको. आजी हवी."

"मग जा आजीकडे."

मी पलंगावर बसून राहिले. जवळ घ्यावंसं फार वाटत होतं, पण घेतलं नाही. ती पलंगाच्या कडेवर आपटली, रडली, मला शिव्या देऊन झाल्या. मग थांबली. मान वाकडी करून तिने इकडेतिकडे पाहिलं. आडव्या पडलेल्या स्टुलाला वळसा घातला, न चाचपडता दारापाशी गेली आणि पहिल्या झटक्यात कडी धरली.

दार उघडताच तिने आजीच्या कंबरेला मिठी मारली. सासूबाईंचा हात पट्टीकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावून बघा," मी म्हणाले. "तिला या घरातून घेऊन जाईन."

त्यांनी हात मागे घेतला. लेक आजीला बिलगून माझ्याकडे बघत होती, डाव्या डोळ्याने, आणि इतक्या रागाने आजवर माझ्याकडे कुणीही बघितलं नव्हतं.