दहाव्या गाण्याचा निकाल

मी एक जुना रेकॉर्ड-प्लेअर आहे. केंटकीच्या डोंगरातल्या लॉरेल फोर्क गावाच्या वाचनालयात, काचेच्या पेटीत बसलेला असतो. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला येता, काचेला नाक लावता आणि तुमच्यातला एखादा हमखास विचारतो, "ह्याचं बटण कुठंय?" तेवढ्यात बाई तुम्हाला पुढे नेतात, कारण पुढच्या पेटीत भुसा भरलेले अस्वल आहे. अस्वलापुढे माझे काय चालणार? पण आज ते घटकाभर बाजूला ठेवा आणि माझे ऐका.

मी कुणाच्या दिवाणखान्यासाठी घडलो नव्हतो. रेडिओ स्टेशनात राबण्यासाठी मला घडवले होते. अंग जाड लोखंडाचे, फिरत्या थाळीवर हिरवा नमदा आणि वजन एवढे, की दोन माणसांनी मला जिना चढवला तेव्हा दोघांनीही माझ्या आईबापांचा उद्धार केला. आमचे स्टेशन म्हणजे गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात खालून पेंडीचा गोडसर वास वर यायचा. तो वास आला की मला अजून कामावर जावेसे वाटते.

माझा धनी आर्व्हेल नेपियर. बातम्या तोच वाचायचा, डुकरांचे भाव तोच सांगायचा, कोण गेले आणि दफन कधी आहे तेही तोच सांगायचा. पण त्याची खरी ओळख शनिवारी सकाळी दहाची. नवी रेकॉर्ड आली की तो ती माझ्यावर लावून खोऱ्याला ऐकवायचा आणि तिचा निकाल द्यायचा. निकाल तीनच होते. 'घरी आणा', 'शेजाऱ्याकडे ऐका' आणि 'दुकानातच राहू द्या'. निकाल पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवायची त्याला सवय होती. एका बड्या गायकाच्या नाताळच्या गाण्यांवर त्याने लिहिले होते, 'ह्या माणसाला सर्दी झाली आहे. बरा झाला की ऐकू.' आमच्या खोऱ्यातल्या बायका वर्षातून एखादीच रेकॉर्ड घ्यायच्या, तीही आर्व्हेलच्या शब्दावर. त्यामुळे तो शब्द तोलूनमापून द्यायचा.

आता माझे एक गुपित सांगतो. बोलणे संपताक्षणी गाणे सुरू झाले पाहिजे, असा रेडिओचा नियम. म्हणून आर्व्हेल आधीच सुई टेकवायचा, गाण्याचा पहिला सूर सापडेपर्यंत तबकडी हाताने फिरवायचा, मग अर्धा फेरा उलटी फिरवून बोटाने धरून ठेवायचा. बोलणे संपले की बोट सोडायचे. असे केल्याने सुई एकाच जागी पुढे-मागे घासते. दहा वेळा घासली तर काही होत नाही. पाचशे वेळा घासली की त्या गाण्याची सुरुवात झिजते आणि आधी नुसती सळसळ ऐकू येते. आपल्या हातून तबकड्या खराब होतात, ह्याची मला फार लाज वाटायची. पण त्याच सळसळीवरून मला कळायचे, की खोऱ्याला कोणते गाणे आवडते. रेकॉर्ड कंपनी गाजलेले म्हणते ते वेगळे आणि झिजलेले असते ते वेगळे.

सगळ्यांत जास्त झिजली होती ती एक लहान तबकडी. एका बाजूला एकच गाणे मावते तशी. गाण्याचे नाव 'झुलत्या पुलापाशी'. ते आमच्याच स्टेशनात ध्वनिमुद्रित झाले, माझ्यासमोर. गाणारी ओलेटा स्टिडहॅम, ओढ्याच्या वरच्या अंगाची, चर्चमध्ये गाणारी एकोणीस वर्षांची मुलगी. फिडल वाजवणारा कोय, आर्व्हेलचा धाकटा भाऊ. व्हायोलिनला आमच्या डोंगरात फिडल म्हणतात, आणि ते कोयच्या हनुवटीखाली गेले की खालचा दुकानदारही पेंडीची पोती मोजायची थांबवायचा.

त्या दिवशी मार्च महिना होता आणि रस्ताभर चिखल होता. कोयने दाराबाहेर बूट इतका वेळ घासले की ओलेटा म्हणाली, "पुरे रे, तळवा झिजेल." पण त्याचा इलाज नव्हता. नेपियरांच्या घरात त्यांची आई डायसी हिचा कायदा चालायचा. पाय पुसल्याशिवाय तिच्या उंबऱ्यात शेरीफलाही प्रवेश नव्हता. आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात आणि डायसीला सगळे खोरेच मॅमॉ म्हणत असे. कोय पाय पुसून आत आला, दार लागले, मग माइक सुरू झाला आणि तीन मिनिटांत गाणे झाले. शहरातल्या एका छोट्या कंपनीने त्याच्या थोड्या तबकड्या काढून दिल्या.

पुढच्याच वर्षी डोंगरातल्या वळणावर लाकडाचा ट्रक उलटला आणि कोय गेला. ओलेटा नॅशव्हिलला गेली, मोठी झाली, तिचे फोटो मासिकांत आले. ती छोटी कंपनी बुडाली. मॅमॉच्या घरची तबकडी खिडकीतल्या उन्हाने पापडासारखी वाकडी झाली. स्टेशनातली घेऊन जा असे आर्व्हेल तिला कितीदा म्हणाला, पण ती ऐकेना. म्हणायची, "मग बाकीच्यांनी काय ऐकायचं?" म्हणून दर शनिवारी कार्यक्रमाच्या शेवटी तो तेच गाणे लावायचा आणि मॅमॉ स्वयंपाकघरात रेडिओपाशी बसून मुलाला ऐकायची. कोयचा तेवढाच आवाज जगात उरला होता.

अशी चौदा वर्षे गेली. मग एका मे महिन्यात नॅशव्हिलहून मोठे पाकीट आले. 'ओलेटा स्टिडहॅम: गाजलेली गाणी'. पाकिटावर ओलेटा पांढऱ्या कुंपणाला टेकून उभी. असे कुंपण आमच्या खोऱ्यात कुणी कधी पाहिले नाही. दहा गाणी होती आणि दहावे होते 'झुलत्या पुलापाशी'. ही बातमी मॅमॉला आधीच लागली होती. तिने घरचा रेकॉर्ड-प्लेअर पुसून ठेवला होता आणि रोज फोन करून विचारत होती. त्यातच ओलेटाचे पत्र आले, की डेकोरेशनच्या रविवारी कबरींवर फुले ठेवायला मी येते आहे, तर शनिवारी तुझ्या कार्यक्रमात बसेन.

गुरुवारी दुपारी आर्व्हेलने एकट्याने ती तबकडी माझ्यावर लावली. पेन्सिल कानावर. पहिल्या गाण्याला त्याने लिहिले, 'आवाज जागेवर.' तिसऱ्याला लिहिले, 'ढोल फार, बाई कमी.' सहावे ऐकताना तो पायाने ठेका धरू लागला आणि लिहायचेच विसरला. मला वाटले, चला, 'घरी आणा' नक्की.

मग दहावे लागले. सुरुवात स्वच्छ होती, काचेसारखी. एकदम पुष्कळ व्हायोलिने उठली, गोड, मऊ, साखरेच्या पाकातली. ओलेटा गात होती, पण चौदा वर्षांनी मोठी झालेली ओलेटा. गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. दुसऱ्या कडव्यानंतर जिथे कोयचे फिडल एकटेच पूल ओलांडून जायचे, तिथे सात-आठ जण एकदम चालत होते. कोय कुठेच नव्हता.

आर्व्हेलने माझा सुईचा हात उचलला. तेवढ्यात फोन वाजला.

"आली का रे रेकॉर्ड?" मॅमॉचा आवाज मलाही ऐकू आला. "आपलं गाणं आहे ना त्यात?"

"आहे, आई," आर्व्हेल म्हणाला. "गाणं आहे."

एवढेच बोलून त्याने फोन ठेवला. मी त्याला पंधरा-वीस वर्षे ओळखत होतो. अर्धवट बोलून फोन ठेवताना त्याला कधी पाहिले नव्हते. माझ्या मनात त्याची कीव दाटून आली. खरे सांगावे तर आईचे मन मोडते आणि जिने आमच्या खोलीतून सुरुवात केली तिचाही पाणउतारा होतो, तोही कबरींवर फुले ठेवायच्या आदल्या दिवशी. खोटे सांगावे, तर मॅमॉ दुसऱ्याच दिवशी ती रेकॉर्ड घरी आणणार, दहाव्या गाण्यावर सुई ठेवणार आणि मुलाची वाट बघत बसणार.

शनिवारी ओलेटा आली. मोठी गाडी, उंच बांधलेले केस, डोळ्यांवर काळा चष्मा. रस्ता कोरडा ठणठणीत होता, तरी दारात तिने बूट पुसले. आत येऊन तिने माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा म्हातारा अजून आहे होय?" मला बरे वाटले. नॅशव्हिलला गेलेली माणसे आम्हा यंत्रांना सहसा ओळख देत नाहीत.

दहा वाजता प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. आर्व्हेलने एकेक गाणे थोडे-थोडे ऐकवले आणि मनात आले ते सांगितले. तिसऱ्याचा शेरा वाचला तेव्हा ओलेटा माइकवरच हसली. म्हणाली, त्या ढोलवाल्यांत मी मलाच सापडले नाही. खोरेभर लोक हसले असतील. नऊ गाणी झाली. नऊंचा निकाल आर्व्हेलने दिला, 'घरी आणा'. मग त्याने दहावे लावले आणि ह्या वेळी ते शेवटपर्यंत वाजू दिले. ओलेटाने चष्मा काढला. ती आर्व्हेलकडे पाहत नव्हती.

"दहाव्याचं नाव तेच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. "चाल तीच, गळा ओलेटाचाच. पण हे ते गाणं नव्हे. माझी आई ऐकतेय, म्हणून तिलाच सांगतो. आई, ह्यात कोय नाही. परवा मी तुला अर्धंच सांगितलं, ते चुकलं माझं. दहावं दुकानातच राहू द्या."

मग ओलेटाने माइक स्वतःकडे ओढला.

"मॅमॉ, तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "जुन्या गाण्याची मूळ टेप कुठं गेली कुणालाच माहीत नाही. कंपनीवाले मला म्हणाले, परत गा. सात फिडलवाले बसवले होते. सातही चांगले. मी डोळे मिटून गायले आणि कोयच्या जागेवर वाट बघत राहिले. तिथं कुणी आलंच नाही. तेव्हाच उठून जायला हवं होतं मी. पण हे गाणं रेकॉर्डवर नसतं तर मला गावात यायला तोंड राहिलं नसतं." मग ती आर्व्हेलकडे वळली. "जुनं लाव ना."

त्याने ती लहान तबकडी काढली. त्याचे लक्ष ओलेटाकडे होते, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच मागे फिरवली गेली. बोट सोडले आणि खोऱ्यातल्या प्रत्येक घरात आधी नुसती माझी सळसळ गेली, खर्रर, खर्रर, नेहमीच्या दुप्पट वेळ. नुकतेच ते काचेसारखे गाणे वाजून गेलेले आणि लगेच हे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग कोयचे फिडल आले आणि मी बाकी सगळे विसरलो.

गाणे संपते न संपते तोच फोन. श्रोत्यांचा फोन आला की आर्व्हेल रिसीव्हर माइकपुढे धरायचा. सवयीने त्याने तसाच धरला.

"ओलेटा, रडायचं नाही," मॅमॉ म्हणाली. "गायलीस छानच तू. पण त्या शहरातल्या माणसांनी त्याला दारातून आतच घेतलं नाही बघ. ह्या जुन्यात कसं, आधी तो पाय पुसतो. खर्रर, खर्रर. आज तर किती वेळ पुसले. दर शनिवारी मी तेवढ्यासाठी कान लावून बसते. पाय पुसल्याशिवाय माझा कोय कधी घरात आला नाही."

आर्व्हेलने माझ्याकडे पाहिले. ओलेटानेही पाहिले. ती सळसळ कशाची, हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होते. कोयने पाय पुसले होते हे खरे, पण दाराबाहेर, आणि तेव्हा माइक बंद होता. त्याच्या पहिल्या सुरापूर्वी त्या तबकडीवर काहीच नव्हते. जे होते ते चौदा वर्षांच्या शनिवारांनी घासून उमटवलेले होते. तिघांपैकी कुणीही एक शब्द काढला नाही.

"उद्या दोघंही वर डोंगरावर कबरींपाशी या," मॅमॉ म्हणाली. "मी मक्याचा ब्रेड आणि घेवडा आणतेय. आणि काय ग ओलेटा, तुझ्या बुटांचं?"

"पुसले, मॅमॉ."

जाण्याआधी ओलेटाने आर्व्हेलच्या कानावरची पेन्सिल घेतली. त्याच्या निकालाखाली, स्वतःच्याच फोटोवर, तिने लिहिले, 'दहावे कोयचे आहे. ते शनिवारी इथे ऐका.'

त्यानंतर मॅमॉ आणखी नऊ वर्षे जगली. आर्व्हेल दर शनिवारी ती तबकडी अर्धा फेरा जास्तच मागे फिरवायचा. मलाही आता लाज वाटत नव्हती. पुढे आर्व्हेल थकला, स्टेशनात नवी यंत्रे आली आणि मला खालच्या दुकानाच्या माळ्यावर टाकले. अकरा वर्षे माझ्या नमद्यात उंदरांनी संसार केला. कुणी विचारपूस केली नाही. ते दुःख मी फार उगाळत नाही, पण ते होते.

मग वाचनालयाच्या लोकांनी मला शोधून काढले, पुसले, तेल घातले. ते पाकीटही माझ्याशेजारी ठेवले आहे आणि ती लहान तबकडीही. तिच्यापुढच्या कार्डावर सुबक अक्षरांत लिहिले आहे, 'ओलेटा स्टिडहॅम यांची पहिली तबकडी. सुरुवातीचा भाग खराब.'

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण नुसते काचेत ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. पुढच्या वेळी आलात की अस्वलाकडे जाण्यापूर्वी बाईंना म्हणा, काच उचला आणि एकदा हे गाणे लावा. मी अजून फिरतो. सुरुवातीला थोडा वेळ नुसती सळसळ येईल. कुणी खराब आहे म्हणून सुई उचलायला धावले, तर त्यांना थांबवा. जरा दम धरा म्हणावे. कोय पाय पुसतो आहे.