हिप्परग्याच्या पाण्यावर

१९७८च्या पौषात कुंडलिक कुंभारीहून हिप्परग्याच्या तलावावर आला. तिथल्या गैबीसाबांनी मुंबईच्या गोदीतून आणलेली, उभ्याने चालवायची जुनी जेट-स्की घ्यायची, तिचा पंप काढून विहिरीवर बसवायचा, असा त्याचा बेत होता. ज्वारी माना टाकत होती.

"हिचा पंखा कुटं हाय?"

"पोटात, पाव्हणं. पाणी गिळती, मागं फेकती."

यंत्र गरजले. तिच्यावर गुडघे टेकून बसलेले गैबीसाब हळूहळू पाण्यावर ताठ उभे राहिले. मागे शुभ्र कमान उसळली आणि साऱ्या तलावाची झोप उसवत गेली. कुंडलिकाने नकळत वहाणा काढल्या.

गैबीसाब काठाला लागताच तो म्हणाला, "न्हाय घेत. हिला खोलायला हात धजायचा न्हाय."

"मग ज्वारी?"

"मोट हाय की. म्या जायच्या आदी आनिक येकदा फिरवून दावा."