हॉलमधला तिसरा दिवा

"द्वारका, और आधा इंच नीचे! टेबल से पूरे बत्तीस इंच आने चाहिए।" सुधाकरराव टेप ताणून धरत म्हणाले.

शिडीवरच्या द्वारकानं साखळी जराशी सैल केली. तीन हिरव्या टोप्यांचा पितळी दांडा पूल खेळायच्या टेबलावर सरळ लटकला. महिन्याभरातला हा तिसरा दिवा. पहिला झुंबरासारखा गोल होता. त्याचा उजेड टेबलाच्या मध्यावरच साचायचा आणि कोपऱ्यातली भोकं अंधारात राहायची. दुसरा होता एलईडीचा पांढराफटक पट्टा. तो लावला की हिरवं कापड दवाखान्यातल्या पडद्यासारखं दिसायचं. "नको," सुधाकरराव म्हणाले होते, "दवाखाना आता पुरे झाला."

सुधाकररावांनी केंद्र सरकारच्या इमारत खात्यात विजेचे ज्युनियर इंजिनिअर म्हणून चौतीस वर्षं काढली. द्वारका त्यांच्या हाताखालचा वायरमन. पंचवीस वर्षांपूर्वी नोएडातलं हे तळमजल्याचं घर झालं, तेव्हा सगळं वायरिंग या दोघांनीच केलं होतं.

"साहब, याद है?" द्वारका शिडीवरून हसला. "सरोजिनी नगर के क्वार्टर में बाबू ने सॉकेट में हेयरपिन डाल दी थी। पूरी लाइन उड़ गई थी!"

"याद कैसे नहीं? डाँट तो मुझे पड़ी थी।"

बाबू म्हणजे अनुराग, सुधाकररावांचा एकुलता एक मुलगा. अकरा महिन्यांपूर्वी मानेसरच्या कारखान्यातून परतताना त्याच्या टॅक्सीवर मागून ट्रक आदळला आणि कमरेखालचं सगळं लुळं पडलं. जीव तर वाचला, असं येणारे-जाणारे म्हणत. अनुराग ते ऐकून घेई. श्रावणात एकदा जेवता जेवता तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, मी वाचायला नको होतं यार." त्या दिवसापासून त्याची आई, कल्पना, झोपेच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायची आणि दिवसातून दहा वेळा डबा उघडून बघायची.

पूल हा त्याचा खेळ. हॉस्टेलवर त्याला हरवणारा कुणी नव्हता. चाकांच्या खुर्चीत बसूनही तो खेळता येतो, असं फिजिओथेरपीवाली बोलून गेली आणि बुडत्याला काडीचा आधार मिळाला. सोफा काढून टाकला, टीव्ही आतल्या खोलीत गेला, आणि गुरुग्रामच्या एका बंद पडलेल्या क्लबातलं टेबल हॉलमध्ये येऊन बसलं. एवढं सगळं करूनही अनुरागनं खेळायच्या काठीला हात लावला नाही. सुधाकररावांनी दोष दिव्यावर ढकलला. दुसऱ्या कशावर ढकलणार? दिव्यातलं त्यांना कळत होतं. मुलाच्या मनातलं काही केल्या कळत नव्हतं.

द्वारका खाली उतरल्यावर त्यांनी हाक मारली. अनुराग खुर्ची ढकलत दारापर्यंत आला.

"कसा वाटतो?"

"छान आहे, बाबा. बिल्कुल मस्त."

पहिल्या दोन्ही दिव्यांना तो हेच म्हणाला होता. खुर्ची वळली आणि आत गेली.

"अहो, दिवा काय बघत बसलात?" कल्पना दबक्या आवाजात म्हणाली. "पोराकडे बघा जरा. आज परत अर्धीच पोळी खाल्ली त्यानं."

"त्याच्याकडेच बघतोय गं. दुसरं काय करतोय मी!"

दोन दिवस सुधाकरराव टेबलाभोवती घिरट्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी दमून त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यात बसले आणि वर बघितलं. टोप्यांखालचे बल्ब उघडेवाघडे थेट डोळ्यांत घुसले. ते ताडकन उठले. "कल्पना, सापडलं! आपण सगळं उभ्यानं बघतोय. तो बसून खेळणार! बसलेल्याच्या डोळ्यांत उजेड जातो. दुधी काचेची झाकणं लावायला हवीत." इतके दिवस आपण गाढवासारखे वागलो याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून ते मेट्रोनं चांदनी चौकात गेले.

झाकणं घेऊन परतले तेव्हा चार वाजत आले होते. नोव्हेंबरचा धुरकट दिवस होता, खिडकीतून उजेड असा येतच नव्हता. कल्पना बाजारात गेलेली. किल्लीनं दार उघडून ते आत आले आणि दचकले. टेबलापाशी, अंधुकशा हॉलमध्ये, अनुराग बसला होता. मांडीवर खेळायची काठी होती. टेबलावर बॉल त्रिकोणात नीट रचलेले होते.

सुधाकरराव आनंदानं म्हणाले, "अरे, असा अंधारात काय बसलायस? लाइट लाव की!"

अनुरागनं मांडीवरची काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"लाव ना. झाकणं आणलीयत बघ, आता डोळ्यांत नाही येणार."

"तुम्ही लावा ना, बाबा."

सुधाकररावांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे हात नेला. हात वर गेला, खांद्याच्याही वर, आणि बटणावर येऊन थांबला. जमिनीपासून पाच फूट. या घरातला एकूण एक बोर्ड त्यांनी पाच फुटांवर बसवून घेतला होता. द्वारका तेव्हा म्हणालाही होता, साहब, थोड़ा ऊँचा हो गया. त्यावर हे म्हणाले होते, होने दो, बाबू का हाथ नहीं पहुँचना चाहिए.

काखेत कळसा नि गावाला वळसा. अख्खी दिल्ली पालथी घालून त्यांनी दिवे आणले. आणि अकरा महिने मुलानं मागायच्या आत त्याचा दिवा, त्याचा पंखा, त्याचा गीझर दोघांपैकी कुणीतरी धावत जाऊन लावत होतं. त्या धावपळीत भिंतीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"किती वेळ बसलायस?"

"तुम्ही गेलात तेव्हापासून."

"अरे, मग आईला हाक मारायचीस."

"मारली असती." अनुरागचा आवाज चढला, आणि मग फुटला. "पाणी हवं, हाक मारा. बाथरूमला जायचंय, हाक मारा. सबकुछ हाक मारूनच करतो ना मी? आता खेळायलापण हाक मारू? आणि बंद करायला परत?"

सुधाकररावांच्या हातातली पिशवी खाली टेकली. आत काच वाजली. मुलाला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं, पण धीर झाला नाही. ते फक्त म्हणाले, "उद्या द्वारकाला बोलावतो."

सकाळी द्वारका छिन्नी-हातोडी घेऊन आला. सगळं ऐकून तो बोर्डापाशी गेला. मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली. "कितने पे करूँ, साहब?"

सुधाकररावांनी टेप काढला आणि परत खिशात घातला.

"अनुराग, तूच सांग."

अनुराग खुर्ची भिंतीला भिडवून आला. पेन्सिल त्यानं घेतली नाही. काठीच्या टोकाला घासायचा निळा खडू त्याच्या हातात होता. त्यानं बसल्या बसल्या हात सरळ पुढे केला आणि भिंतीवर एक जाड निळी रेघ ओढली. सुधाकररावांच्या कमरेपेक्षा जेमतेम वीतभर वर.

दुपारपर्यंत काम झालं. जुन्या जागी ओल्या सिमेंटचा चौकोन राहिला. द्वारका चहा न घेताच गेला. अनुरागला टेबलापाशी सोडून सुधाकररावांनी हॉलचं दार लोटून घेतलं आणि ते स्वयंपाकघरात कल्पनाजवळ येऊन बसले. दोघं कान लावून होती.

टक्. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी बाहेर आली.

बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं परत टक्, आणि पट्टी गेली. पुन्हा टक्. पुन्हा उजेड. पुन्हा अंधार. कल्पना उठायला लागली, तसा सुधाकररावांनी तिचा हात धरला.

"अहो, काय करतोय तो?"

"लाइट लावतोय," ते म्हणाले, आणि तिचा हात सोडायचं त्यांना सुचलंच नाही.