साफ केलेला आवाज

मुजीबने फोन काचेच्या काउंटरवर ठेवला, भिंतीवरचा पंखासुद्धा बंद केला आणि आता ऐका म्हणून हाताने खूण केली. चार दिवस राबून केलेलं काम दाखवताना माणूस जसा बघतो, तसा तो जरिनाकडे बघत होता.

जरिनाने पदर सावरला. शेजारी तिची अर्फा उभी होती. सोमवारी अर्फा साताऱ्याला जाणार होती, तिथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून. त्याआधी तिला एकदा बापाचा आवाज ऐकवायचा, एवढंच जरिनाने मनाशी धरलं होतं.

चांदसाहेब गेला तेव्हा अर्फा दीड वर्षाची होती. त्याचं म्हणून घरात उरलं होतं काय, तर एक फोटो आणि एकतीस सेकंद. तो यंत्रमागावर कामाला होता. एकदा शेडच्या दारातल्या फोनवरून त्याने घरी फोन केला आणि बोलता बोलता जरिनाकडून भलतंच बटण दाबलं जाऊन ते बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड झालं. ती चूक तिने एकोणीस वर्षं जपली. बटणांचा तो फोन कधीच मेला. त्यातलं नखाएवढं कार्ड तिने सुरम्याच्या डबीत ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात ते अर्फाच्या फोनमध्ये घातलं, तर नव्या फोनला जुनी फाइल उघडेना. मग माधवनगरात मोबाइलचा डॉक्टर एकच, मुजीब. ही एएमआर आहे, एमपीथ्री करून देतो, दहा मिनिटांचं काम, असं तो म्हणाला होता.

पण त्याने मन लावून केलं. चांदभाईच्या मागे मागांचा नुसता खडखडाट होता. कॉम्प्युटरवर बसून तो त्याने कणाकणाने काढून टाकला.

"आता बघा भाभी," तो म्हणाला, "चांदभाई समोर उभं राहून बोलल्यागत वाटतंय."

त्याने बटण दाबलं.

"जेवलीस का?" चांदसाहेब ओरडला. "पोरीचा ताप उतरला का? आं? पाणी उकळून दे तिला. मला उशीर हाय. तू जागू नको."

शब्द अन् शब्द स्पष्ट होता. मागे कसलाच आवाज नव्हता. शांत, रिकाम्या घरात एक माणूस बायकोवर खेकसत होता.

अर्फाने ते पुन्हा लावलं. मग फोन उलटा करून ठेवला.

"अब्बा रागावलेत का?"

"न्हाई गं. ते कवाच वरडायचे न्हाईत."

तुझ्या बापाने घरात कधी आवाज चढवला नाही, हे सांगत तिने पोरीला वाढवलं होतं. दिवसभर मागांत राहणारा माणूस, पण घरी आला की इतकं हळू बोलायचा, की तिला चूल सोडून जवळ जावं लागायचं. अर्फाने समजूतदारपणे मान हलवली. पेशंटच्या नातेवाइकांपुढे हलवायची ती मान होती. जरिनाला ती फार लागली.

तिने मुजीबला सांगितलं, तो खडखडाट परत घाल. मुजीब ओशाळला. कार्ड खराब होत आलं होतं, म्हणून त्यावरचं सगळं पुसून नव्यासारखं करून दिलं होतं, आणि कॉम्प्युटरवर राहिली होती ती हीच साफ केलेली फाइल. मग म्हणाला, नेटवर मागांचे आवाज मिळतात, त्यातला एखादा मागे लावून बघू का.

"कुठल्या मागाचा?" जरिनाने विचारलं. मग उत्तराला न थांबता तिने फोन उचलला आणि अर्फाचा हात धरला.

चांदसाहेबाच्या मालकांच्या, हंबीररावांच्या शेडमध्ये एकेकाळी चोवीस माग होते. आता सहाच चालत होते, पण दारातच जमीन पायाखाली थरथरायला लागली. इथे कुणी तोंडाने बोलत नाही, सगळा कारभार हातांचा. हंबीररावांनी जरिनाला ओळखलं, हनुवटी वर करून काय म्हणून विचारलं. तिने आधी फोन दाखवला, मग कोपऱ्यातला माग. त्यावर चांदसाहेब असायचा. हंबीररावांनी जा म्हणून हात केला.

कापसाचे बारीक तंतू अर्फाच्या केसांवर बसले. जरिनाने आवाज होता तेवढा वाढवला आणि फोन तिच्या कानाला घट्ट लावला. अर्फाने हात हलवला, काहीच नाही. जरिनाने पुन्हा लावलं. या वेळी अर्फाने दुसऱ्या कानावर तळवा दाबला आणि डोळे मिटले.

जरिना तिच्याकडे बघत मनात शब्द म्हणत राहिली. जेवलीस का. ताप उतरला का. पोरीच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. एवढ्या खडखडाटातून तो आवाज कानापर्यंत पोचेल, बस्स, तेवढाच होता.

एकतीस सेकंद कधीच सरले. अर्फाने फोन काढला नाही. तिचे ओठ हलले. काय, म्हणून जरिनाने हाताने विचारलं.

अर्फा आईच्या कानाशी आली आणि सगळा जीव एकवटून ओरडली,

"ताप उतरला म्हणून सांगितलं अब्बांना."