ओटीपी नानांकडं येतो

साहेबराव नानांच्या घरात कुणाला काहीही करायचं असलं तरी आधी नानांपुढं जाऊन उभं राहावं लागायचं. गॅसची टाकी, विजेचं बिल, ऑनलाइन मागवलेला ड्रेस, धाकट्याचा परीक्षेचा फॉर्म, सगळ्याला जोडलेला मोबाइल नंबर एकच, आणि तो नानांचा. बजाजनगरातल्या त्या रो-हाउसमध्ये माणसागणिक फोन होता, पण सगळी सिमकार्डं नानांच्या नावावर आणि ओटीपी यायचा तो नानांच्याच फोनवर. मग नाना चष्मा शोधणार, तो कपाळावरच असणार, फोन हातभर लांब धरणार आणि आकडा सांगायच्या आधी विचारणार, "कशाचा हाय?" कारण पटलं तर ओटीपी मिळायचा. नाही पटलं तर नाना म्हणायचे, "बघू." त्या बघूमध्ये बिचारा ओटीपी मरून जायचा, कारण त्याला काही रिटायर माणसाइतकी सवड नसते.

आता घरात एक कर्ता माणूस असावा, याला कुणाची ना नाही. पण कर्त्या माणसानं सुनेच्या चपलेच्या ऑर्डरीचासुद्धा पंचनामा करायचा म्हणजे जरा अतिच झालं.

थोरली सून प्रेरणा मूळची वैजापूरची. वाळूजमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ती क्वालिटीला होती. तिकडं चेन्नईच्या नाहीतर गुरुग्रामच्या गिऱ्हाइकानं 'माल खराब आला' अशी बोंब मारली की इकडून प्रेरणाला पळावं लागायचं. ती पहिल्यांदा विमानानं निघाली तेव्हा लग्न नवंनवं होतं. नवऱ्यानं, म्हणजे शिवराजनं, मोठ्या हौसेनं तिला विमान कंपनीच्या माइलच्या योजनेत सभासद करून दिलं. जितका प्रवास होईल तितके माइल खात्यात पडतात आणि पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट मिळतं, अशी ती योजना. फॉर्मवर नाव प्रेरणाचं, जन्मतारीख प्रेरणाची, आणि मोबाइल नंबरच्या जागी शिवराजचा हात आपोआप चालला. त्यानं नानांचा नंबर टाकला. दुसरा नंबर टाकता येतो हे त्याला सुचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर शेजारी बसलेल्या प्रेरणालाही सुचलं नाही.

माइलचं मात्र तिनं फार मनावर घेतलं. ऑफिसातले बाकीचे लोक मिळेल त्या विमानात बसायचे. ही एकाच कंपनीला धरून राहिली, कारण दहा ठिकाणी थोडे थोडे साठवून कुठलंच तिकीट निघत नाही हे तिच्या लवकर लक्षात आलं. चेन्नईला सरळ जाण्यापेक्षा हैदराबादला विमान बदललं की माइल जास्त पडतात, म्हणून ती बदलून जायची आणि मधला वेळ विमानतळाच्या खुर्चीत बसून काढायची. हॉटेलात उतरली की आधी सभासद क्रमांक सांगायची. किराणासुद्धा माइल देणाऱ्या कार्डावर भरायची. पुढं कंपनीनं तिला सोनेरी कार्ड दिलं आणि त्या कार्डावर गारेगार लाउंजमध्ये बसून ही बाई डब्यातली भाकरी न् ठेचा खायची. कंबर दुखायची, सणावाराला घरी नसल्याबद्दल बोलणी खावी लागायची, पण माइल वाढत होते आणि ते तिला आवडत होतं.

इकडं प्रत्येक प्रवासानंतर नानांचा फोन वाजायचा. 'प्रिय प्रेरणा, आपल्या खात्यात माइल जमा झाले आहेत.' नाना तो मेसेज भाडेकरूचं भाडं आल्यासारखा वाचायचे. पाहुणा आला की चहाआधी माइल निघायचे. आपल्याकडं लई माइल झालेत म्हणून सांगायचे. जन्मात विमानाची पायरी न चढलेला माणूस, पण 'आमचे माइल' म्हणताना जीभ अडखळायची नाही.

दिवाळीत प्रेरणाच्या मावशीला, कासाबाईला, अर्धांगाचा झटका आला. ही मावशी गुवाहाटीला, रेल्वेत असलेल्या मुलाकडं राहायची. प्रेरणाची आई सरूबाई वैजापुरात, आणि दोघी बहिणींची गाठ पडून कैक वर्षं झालेली. सरूबाईची कंबर पार गेलेली असल्यामुळं इतका लांबचा रेल्वेप्रवास तिला झेपणारच नव्हता. एक दिवस व्हिडिओ कॉलवर कासाबाईनं वाकड्या झालेल्या तोंडानं मोठ्या कष्टानं विचारलं, "सरे, येतीस का?" सरूबाईनं हो म्हटलं, फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडली. प्रेरणा तेव्हा माहेरी आलेली, शेजारीच होती. तिनं आईला तिथल्या तिथं शब्द दिला, की मी तुला विमानानं नेते. खात्यातले माइल दोघींच्या जाण्यायेण्याला बरोबर पुरत होते. पण माइलवरच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, आणि मावशीची तब्येत कुणासाठी थांबणार होती?

नेमका त्याच आठवड्यात धाकट्या इंद्रजीतचा साखरपुडा झाला. भरल्या मंडपात नानांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, की लग्नानंतर इंद्रजीत आणि सोनिया अंदमानला जाणार, तेही आमच्याकडच्या माइलवर. टाळ्या पडल्या. सोनियाच्या वडिलांनी उठून नानांना मिठी मारली. ज्या बाईचे ते माइल, ती तेव्हा पंगतीत जिलेबी वाढत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पाहुणे गेल्यावर तिनं नानांना मावशीचं सांगितलं. नाना आधी समजुतीनं बोलले. व्याह्यांना शब्द दिलाय, चारचौघांत दिलाय, तुझ्या आईला आपण एसीचं रेल्वे तिकीट काढून देऊ. कंबरेचं सांगितल्यावर म्हणाले, घरातलं घरात राहिलेलं बरं. म्हणजे अंदमान घरातलं, आणि हिची आई परकी. शिवराजनं खोलीत गेल्यावर मधला रस्ता काढला, की आईचं तिकीट आपण विकत काढू, कशाला वाद? प्रेरणा म्हणाली, मग भावजींचंच काढा विकत. शिवराज कूस बदलून झोपला.

तिनं विमान कंपनीला फोन लावून मोबाइल नंबर बदलायचं विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, हो मॅडम, जुन्या नंबरवर ओटीपी येईल तेवढा सांगा. प्रेरणाला हसू आलं आणि संतापही आला. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ओटीपी नानांकडं असला तरी पासवर्ड तिच्याकडं होता. नानांनी दुसऱ्या दिवशी तो मागितला. आजवर ह्या घरात नानांना कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. प्रेरणा म्हणाली, नाही देणार. विसरले वगैरे काही नाही, सरळ नाही देणार.

मग काय विचारता! इंद्रजीत तिच्याशी बोलेना. नाना ताटावर बसले की भिंतीला ऐकवायचे, शिकलेल्या सुना केल्या की असं होतं. सासू लक्ष्मीबाई तेवढ्या काहीच बोलायच्या नाहीत, पण त्या एरवीही बोलायच्या नाहीत. प्रेरणा रोज गुवाहाटीच्या जागा बघायची आणि त्या रोज कमी होत होत्या. आईचा फोन आला की विषय दुसरीकडं न्यायची. रात्री कधी वाटायचंही, जाऊ दे, द्यावा पासवर्ड आणि मिटवावं. सकाळी उठून नानांचं तोंड बघितलं की ते वाटणं निघून जायचं.

रविवारी लग्नाच्या बस्त्याचं ठरवायला सोनिया आणि तिचे आईवडील आले. नानांनी मनाशी हिशेब बांधला, की पाहुण्यांदेखत सून मान वर करणार नाही. बैठकीत सगळे बसल्यावर त्यांनी हाक मारली. प्रेरणा, लॅपटॉप आण, पोरांची तिकिटं आत्ताच काढून टाकू. प्रेरणा निमूट उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. नानांनी व्याह्यांकडं बघून मिशीवरून हात फिरवला. ती शांतपणे टाइप करत राहिली. थोड्या वेळानं नानांचा फोन वाजला.

नानांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोन हातभर लांब धरला आणि सवयीनं विचारलं, "कशाचा हाय?"

"माझ्या आईच्या गुवाहाटीच्या तिकिटाचा," प्रेरणा म्हणाली. "आई आणि मी."

सोनियाचे वडील पाण्याचा रिकामा पेला परत तोंडाला लावून बसले. नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फोन टीपॉयवर पालथा घातला आणि म्हणाले, "बघू."

शिवराज दबक्या आवाजात म्हणाला, अगं, पाहुणे बसलेत.

"साखरपुड्यालाही पाहुणेच बसले होते," प्रेरणा म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "नाना, हे माइल भाड्यानं आलेले नाहीत. तुमच्या घरच्या प्रत्येक सणाला मी कुठल्यातरी विमानतळावर बसले, तेव्हा पडलेत ते. तुम्ही ओटीपी देऊ नका. राहू द्या तसेच, सडू द्या. पण त्यांच्यावर अंदमानला कुणी जाणार नाही. पासवर्ड माझ्या डोक्यात आहे, आणि तो तुमच्या फोनवर येत नाही."

नानांना धड रागवताही येईना. व्याह्यांसमोर सुनेवर ओरडावं तर घराची शोभा, आणि गप्प बसावं तर त्यांची. ते नुसते त्या पालथ्या फोनकडं बघत राहिले. ओटीपीची मुदत संपली आणि लॅपटॉपवर तसं लिहून आलं. प्रेरणानं पुन्हा पाठवायचं बटण दाबलं, कारण तिला आता हटायचंच नव्हतं.

लक्ष्मीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला, पदराला हात पुसला आणि नानांचा फोन उचलला.

नाना म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? ठिव."

"आकडे कळत्यात मला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. नवऱ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "माझी बहीण गंगापूरला शेवटच्या घटका मोजत होती. तासाभराची एसटी. जाऊ का म्हणून तुमाला विचारलं, तर तुमी म्हणले, बघू. मी अजून बघायलेच."

इतक्या वर्षांत हे त्या घरात कधी निघालं नव्हतं. शिवराजला तर आपली एक मावशी अशी गेली होती हेच धड आठवत नव्हतं, आणि त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. प्रेरणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि स्क्रीन धूसर झाली.

फोन लक्ष्मीबाईंच्या हातातच वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला लागल्या. एकेक आकडा त्या सावकाश, ठासून म्हणत होत्या आणि प्रेरणा तो टाकत होती. मधे एकदा त्यांनी शंका आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिकिटं निघाली. सरूबाईचं नाव स्क्रीनवर आलं, त्याच्याखाली प्रेरणाचं.

प्रेरणा तेवढ्यावर थांबली नाही. तिनं डोळे पुसले आणि खात्यातला मोबाइल नंबर बदलायचं पान उघडलं. त्यात तिनं ऑफिसकडून मिळालेला स्वतःचा नंबर टाकला. नानांचा फोन पुन्हा वाजला. कशाचा आहे, हे ह्या खेपेला कुणीही विचारलं नाही. लक्ष्मीबाईंनी तोही वाचून दाखवला.

मग त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला, पाहुण्यांपुढं कप सरकवले, चहा निवायलाय म्हणून सांगितलं आणि स्वतः प्रेरणाशेजारी सोफ्यावर बसल्या. पाहुणे आले असताना त्या बैठकीत कधी बसल्या नव्हत्या.

"उद्या हापिसातून लवकर ये," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मला एक सिमकार्ड घ्यायचंय. माझ्या नावाचं."