बसू नका, टेका

डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, "रोज बागेपर्यंत चाला. साखर उतरली नाही तर इंजेक्शन सुरू करावं लागेल."

आत्या शिवणकाम करते. दिवसभर सुई हातात, तोंडात टाचण्या. पण स्वतःला सुई टोचायची म्हटलं की तिला घाम फुटतो. लगेच बूट घालून तयार.

पण चालायचं तर बसायला लागतं. गुडघे अर्ध्या वाटेतच बोंब मारतात. आधी तिथे दगडी कट्टा होता. रस्ता 'सुंदर' करताना तो फोडला. का, तर टवाळ पोरं बसतात. म्हणजे मी! शाळा सोडली म्हणून काय बसायचंपण नाही? त्या जागी एक तिरका चकचकीत पाइप लावला. वर पाटी, 'बसू नका, टेका.'

टेका! आत्या माझ्या खांद्याएवढी. तिने टेकून बघितलं तर पाइप पाठीत रुतला. घरी आली आणि मशीनवर बसली ती बसलीच. पुढच्या तपासणीत साखर आणखी चढलेली. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू, मग सुई."

म्हणून मी तिला ओढत नेलं. पाइपापाशी एक साहेब फोटो काढत होता. नगरपालिकेचा इंजिनिअर. स्कूटर रस्त्याकडेला, किल्ली लावलेलीच.

मी विचारलं, "हे डोकं तुमचंच का?"

"डिझाइन आहे ते. बसल्यावर लोक उठत नाहीत. टेकलं की पाच मिनिटांत निघतात."

"आणि गुडघे गेलेले?"

"त्यांनीपण टेकावं."

"गुडघे टेकावेत का?"

"बये, तोंड आवर," आत्या धापा टाकत म्हणाली. इकडेतिकडे बघितलं. बसण्यासारखी एकच गोष्ट होती. ती सरळ जाऊन स्कूटरवर आडवी बसली. पाय हलवत.

"अहो काकू, मला मीटिंगला जायचंय!"

"जा की बाबा. जरा दम खाल्ला की मी उठतेच."

"पण स्कूटर..."

"छान मऊ आहे हो. हे डिझाइन कुणाचं?"

साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. काय करणार, पाइपाला टेकला. तिरका पाइप, गुळगुळीत पँट. घसरला, सावरला, परत घसरला. मी हसले, तर आत्याने डोळे वटारले. पण तिचेपण खांदे हलत होते.

धाप ओसरली तशी ती उठली आणि चक्क पुढे निघाली, बागेकडे. कट्टा गेल्यापासून पहिल्यांदा.

साहेब स्कूटरकडे धावला. माझ्या डोक्यात आलं, येताना आत्या कुठे बसणार? मी पटकन किल्ली काढून मुठीत घेतली.

"ए पोरी! वेड लागलंय का? दे इकडे!"

"आत्या परत येऊन बसली की देते."

"किती वेळ लागेल?"

"गुडघ्यांना विचारा."

"मी मीटिंगला काय सांगू?"

"सांगा, एका बाईने टेकीला आणलंय."

"कार्टे, दे त्यांची किल्ली!" आत्या लांबून ओरडली. पण मागे काही वळली नाही, चालतच राहिली.

साहेबाने कपाळावर हात मारला. मग फोन काढला आणि कुणाला तरी म्हणाला, "हो, साइटवरच आहे. बसायची सोय बघतोय."